कण केवढा? : एका त्रिज्येचा आणि तिच्या मापातील चुकांचा इतिहास

१/१६
‘अणू खरोखर असतात का?’ हा प्रश्न १९०० साली कोणी वेडगळ समजत नव्हते. लाइपझिगचे व्हिल्हेल्म ऑस्टवाल्ड यांच्यासारखे अग्रगण्य रसायनशास्त्रज्ञ अणूला हिशेबाची एक सोय मानत असत. व्हिएन्नाचे एर्न्स्ट माख तर त्याहूनही साशंक होते. पुढच्या दहा-बारा वर्षांत हा वाद बहुतांशी मिटला. तो मिटवण्यात पाण्यात तरंगणाऱ्या, मायक्रोमीटरहूनही लहान अशा पिवळ्या कणांचा वाटा मोठा होता. अणूचा पुरावा त्या कणांच्या त्रिज्येवर उभा होता. त्रिज्या चुकली की पुरावाही डळमळणार होता. हा धागा त्या त्रिज्येचा, आणि ती मोजताना चूक कुठून कुठून शिरते याचा.

२/१६
प्रथम ‘कलिल’ म्हणजे काय ते पाहू. पाण्यात मीठ विरघळते तेव्हा त्याचे कण उरत नाहीत. वाळू टाकली तर ती तळाशी बसते. या दोहोंच्या मधली अवस्था म्हणजे कलिल. यातील कण इतके बारीक की ते सहजी तळाशी बसत नाहीत, आणि तरीही एका रेणूच्या मानाने प्रचंड मोठे असतात. दूध आणि शाई ही घरातलीच उदाहरणे. १८५७ साली मायकेल फॅरेडे यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये सोन्याचे माणकासारखे लाल द्रव तयार केले. त्या लाल रंगामागे सोन्याचेच अतिसूक्ष्म कण आहेत, हे त्यांनी ओळखले. मात्र ते कण केवढे, हे सांगण्याचे साधन त्यांच्या हाती नव्हते.

३/१६
साधन आले १९०३ च्या सुमारास, जर्मनीतील येना येथे. रिखार्ड झिग्मोंडी आणि हेन्री सीडेनटोप्फ यांनी ‘अतिसूक्ष्मदर्शक’ घडवला. त्याचे तत्त्व आपल्या ओळखीचे आहे. अंधाऱ्या खोलीत उन्हाचा कवडसा आला की एरवी न दिसणारे धूलिकण त्यात चमकू लागतात. या उपकरणातही प्रकाश बाजूने येतो, पार्श्वभूमी काळी राहते आणि प्रत्येक कण एका तेजस्वी ठिपक्यासारखा दिसतो. पहिली मोठी फसगत इथेच संभवते. दिसणारा ठिपका हा कणाचा आकार नसतो; प्रकाशाच्या विवर्तनामुळे पसरलेली ती प्रभा असते. कण आहे एवढेच ती सांगते. तो केवढा आहे, ते सांगत नाही.

४/१६
मग माप कसे काढावे? झिग्मोंडी यांनी आडवाट धरली. ठरावीक घनफळाच्या द्रवात सोने किती वजनाचे आहे हे ठाऊक असते. तेवढ्याच घनफळातले ठिपके मोजायचे, वजनाला त्या संख्येने भागायचे, म्हणजे एका कणाचे वस्तुमान मिळते. सोन्याची घनता ठाऊक असल्याने त्यावरून कणाचे माप निघते. युक्ती सुरेख आहे, पण तिच्यात तीन गृहीतके दडलेली आहेत. प्रत्येक कण दिसतो. प्रत्येक ठिपका म्हणजे एकच कण. आणि इवल्या कणातले सोने लगडीतल्या सोन्याइतकेच घट्ट असते.

५/१६
ही गृहीतके ढासळली तर काय होते? अगदी लहान कण अतिसूक्ष्मदर्शकालाही दिसत नाहीत, त्यामुळे ते मोजणीतून सुटतात. सोन्याचे वजन मात्र तेच राहते. तेवढे सगळे सोने मोजक्या दिसलेल्या कणांच्या वाट्याला येते आणि प्रत्येक कण कागदावर वाजवीपेक्षा मोठा होतो. दोन-तीन कण चिकटून एक ठिपका झाला, तरी परिणाम त्याच दिशेचा. इतिहासाच्या अभ्यासकाला ही चूक अपरिचित नाही. ज्यांनी मागे कागद ठेवला तेवढेच मोजले, की गतकाळ मोठ्या लोकांनी भरलेला दिसू लागतो. जे दिसले नाही त्याची नोंद नसते, पण सरासरीवर त्याचा परिणाम होतोच.

६/१६
याच काळात स्वीडनमधील उप्सालाचे तरुण संशोधक थेओडोर स्वेडबर्ग प्लॅटिनमच्या कलिल कणांची थरथर मोजत होते. १९०५ साली आल्बर्ट आइन्स्टाइन यांनी या थरथरीचा, म्हणजे ब्राउनीय गतीचा, सिद्धांत मांडला होता. पाण्याचे रेणू कणाला चहूकडून धडका देतात आणि त्यामुळे कण भरकटतो. स्वेडबर्ग यांनी १९०६ मध्ये कणाचा ‘वेग’ मोजल्याचे जाहीर केले. आइन्स्टाइन यांनी १९०७ मध्ये दाखवून दिले की असा वेग मोजताच येत नाही, कारण डोळ्याला एक हालचाल दिसते तेवढ्या अवधीत कणाने अगणित वेळा दिशा बदललेली असते. मोजायचे ते ठरावीक वेळेतले विस्थापन. इथे दोष उपकरणाचा नव्हता. मोजण्यासाठी निवडलेली राशीच चुकीची होती.

७/१६
आइन्स्टाइन यांच्या सूत्रात विस्थापनाबरोबर आणखी एक राशी होती, कणाची त्रिज्या. ती आणि विस्थापन कळले की ॲव्होगॅड्रो संख्या काढता येते. म्हणजे ठरावीक प्रमाणातल्या पदार्थात (एका मोलमध्ये) किती रेणू असतात ती संख्या. आज ती सुमारे ६.०२ गुणिले १० चा २३ वा घात एवढी मानतात. या धाग्यात पुढे ‘६.०२’ किंवा ‘६.८’ असा आकडा आला की त्यामागे तो घात गृहीत धरावा. वेगवेगळ्या वाटांनी हीच संख्या मिळाली, तर रेणूंना कल्पना म्हणून झटकून टाकणे अवघड होणार होते.

८/१६
हे काम अंगावर घेतले पॅरिसच्या सॉरबॉनमधील झाँ पेरँ यांनी. त्यांनी निवडलेला पदार्थ होता गँबोज : आग्नेय आशियातील एका झाडाचा वाळलेला पिवळा चीक, चित्रकारांच्या रंगपेटीतला. त्याचे नावच कंबोडियावरून पडले आहे. हे झाड गार्सिनिया या प्रजातीतले, म्हणजे कोकणातल्या कोकमाचे, आपल्या रातांब्याचे, नात्यातले. हा चीक पाण्यात चोळला की पिवळे दुधासारखे पाणी होते आणि त्यात काचेच्या गोट्यांसारखे गोल कण तरंगतात. कण गोल असणे महत्त्वाचे होते. वाकड्यातिकड्या कणाला ‘त्रिज्या’ नसते. तिथे एक आकडा सांगणे म्हणजेच चूक.

९/१६
पण हे गोल कण एकाच मापाचे नव्हते, आणि मिश्रणाच्या सरासरीवर भरवसा ठेवता येत नाही. याचे कारण साधे आहे. घनफळ त्रिज्येच्या घनाने वाढते. त्रिज्येत १० टक्के चूक झाली तर घनफळात ३३ टक्के होते. शिवाय त्रिज्यांची सरासरी काढून तिचा घन करणे आणि घनफळांची सरासरी काढणे, ही दोन उत्तरे वेगवेगळी येतात. म्हणून पेरँ यांनी सेंट्रिफ्यूजमध्ये कण पुन्हा पुन्हा फिरवून त्यांची मापानुसार विभागणी केली. १ किलो गँबोज घेऊन कित्येक महिने हे काम चालले, तेव्हा हव्या त्या मापाचे कण मिळाले अवघे काही डेसिग्रॅम.

१०/१६
आता त्या कणांची त्रिज्या. सूक्ष्मदर्शकातून एकटा कण मोजला तर विवर्तनाची प्रभा त्याला फुगवते. पेरँ यांनी थेंब काचेवर वाळू दिला. पाणी आटताना कण एकमेकांना खेटून रांगेत बसतात. पूर्ण रांगेची लांबी मोजून कणांच्या संख्येने भागले की प्रभेची चूक रांगेच्या दोन टोकांपुरती उरते आणि बाकी कणांत वाटली जाते. दुसरी रीत मोजणीची होती. किंचित आम्लयुक्त पाण्यात कण भांड्याच्या भिंतीला चिकटतात, पण एकमेकांना चिकटून त्यांचे पुंजके होत नाहीत. त्यामुळे ते नीट मोजता येतात. एकूण वस्तुमान ठाऊक असल्याने एका कणाचे वस्तुमान मिळते. ही झिग्मोंडी यांचीच वाट, मात्र इथे प्रत्येक कण दिसत होता.

११/१६
तिसरी रीत स्टोक्स यांच्या नियमाची. उभ्या बारीक नळीत हे पिवळे पाणी ठेवले की कणांच्या ढगाची वरची कड हळूहळू खाली सरकते. ०.२ मायक्रोमीटर त्रिज्येच्या कणांसाठी हा वेग दिवसाला दीडएक मिलिमीटर असतो. या वेगावरून त्रिज्या निघते. पाणी जरा असमान तापले तरी त्यात प्रवाह उठतात आणि त्या प्रवाहापुढे हा वेग काहीच नसतो, म्हणून तापमान स्थिर हवे. मुख्य आक्षेप मात्र तत्त्वाचा होता. स्टोक्स यांचा नियम शांतपणे पडणाऱ्या गोळीसाठी आहे. हा कण तर पडण्यापेक्षा थरथरतोच जास्त. त्याला तो नियम लागू पडेलच कशावरून? पेरँ यांचे उत्तर असे : रांगेची रीत आणि मोजणीची रीत यांत स्टोक्स यांचा काहीही संबंध नाही, आणि तरीही तिन्ही रीतींनी त्रिज्या जवळजवळ तीच येते.

१२/१६
हेच पेरँ यांच्या कामाचे मर्म आहे. त्यांनी एकच रीत शंभर वेळा वापरली असती तर तीच चूक शंभर वेळा झाली असती. बखरीच्या दहा नकला म्हणजे दहा साक्षीदार नव्हेत, हे इतिहासात पहिल्या वर्षी शिकवतात. साक्षी परस्परांपासून स्वतंत्र असाव्या लागतात. घनतेच्या बाबतीतही त्यांनी हेच केले. कण वाळवून घनता मोजली. शिवाय पाण्यात पोटॅशियम ब्रोमाइड मिसळत गेले, कण बुडतही नाहीत आणि वरही येत नाहीत अशी अवस्था येईपर्यंत. त्या क्षणी द्रवाची घनता हीच कणाची घनता. कोरडा कण आणि ओला कण वेगळे असतील, ही शंका अशी तपासली गेली.

१३/१६
मग मुख्य प्रयोग. हवा जशी उंचीवर विरळ होते, तसेच हे कणही पाण्यात उंचीनुसार विरळ व्हायला हवेत. हवेचा दाब निम्मा व्हायला सुमारे साडेपाच किलोमीटर चढावे लागते; इथे फक्त ३० मायक्रोमीटर पुरतात. सूक्ष्मदर्शक वरखाली करताना अपवर्तनामुळे खोली खरी असते त्याहून कमी भासते, तीही दुरुस्ती करावी लागते. नजरेची चूक टाळण्यासाठी पेरँ यांनी सुईने भोक पाडलेल्या पडद्याने दृष्टिक्षेत्र इतके लहान केले की एका वेळी पाच-सहाहून अधिक कण दिसूच नयेत आणि आकडा एका दृष्टिक्षेपात सांगता यावा. ०.२१२ मायक्रोमीटर त्रिज्येचे १३,००० कण असे मोजले गेले. चार पातळ्यांवरचे प्रमाण आले १००, ४७, २२.६ आणि १२; सिद्धांताप्रमाणे हवे होते १००, ४८, २३ आणि ११.१. अशा मोजण्यांवरून पेरँ यांनी पुढे काढलेली ॲव्होगॅड्रो संख्या होती सुमारे ६.८.

१४/१६
याच सुमारास, १९०८ मध्ये, विक्टर आन्री यांनी चलच्चित्रण करून कणांचे विस्थापन मोजले. ते आइन्स्टाइन यांच्या सूत्राहून कितीतरी अधिक आले, आणि पॅरिसमध्ये पुष्कळांनी सूत्रच चुकीचे ठरवून टाकले. पेरँ यांचे विद्यार्थी शोदसेग यांनी माप पक्के ठाऊक असलेल्या गँबोज कणांवर तोच प्रयोग केला, तेव्हा सूत्र बरोबर ठरले. पण पेरँ यांच्याच दुसऱ्या सहकाऱ्याचा, बाँसलँ यांचा, प्रयोग वेगळे सांगू लागला. द्रवात कण मिसळले की त्याची श्यानता किती वाढते, याचा आइन्स्टाइन यांच्या प्रबंधातला गुणक होता १. बाँसलँ यांना मिळाला ३.९. आइन्स्टाइन यांनी आपले गणित पुन्हा तपासले, त्यांना त्यात काही सापडले नाही. तेव्हा त्यांनी लुडविग होफ यांना ते तपासायला सांगितले. त्यांच्या मते शक्यता दोनच होत्या : गणित चुकले असेल, किंवा पाण्यातल्या कणांचे घनफळ पेरँ समजतात त्याहून अधिक असेल.

१५/१६
चूक गणितातच होती, होफ यांनी ती शोधली आणि गुणक २.५ झाला. १९११ साली आइन्स्टाइन यांनी दुरुस्ती छापली. बाँसलँ यांचा नंतरचा आकडा सुमारे २.९ होता, म्हणजे थोडे अंतर उरलेच. साखरेच्या द्रावणावरून आइन्स्टाइन यांनी काढलेली ॲव्होगॅड्रो संख्या मात्र पार बदलली : १९०५ च्या प्रबंधात २.१, अधिक चांगली निरीक्षणे वापरून १९०६ मध्ये ४.१५, आणि गणित दुरुस्त केल्यावर ६.५६. गँबोजच्या कणांच्या मापावर विश्वास ठेवता आला म्हणूनच गणितावर संशय घेता आला. ऑस्टवाल्ड तोवर बदललेही होते. १९०९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी अणुवाद मान्य केला. १९२६ मध्ये भौतिकीचे नोबेल पेरँ यांना आणि रसायनशास्त्राचे स्वेडबर्ग यांना मिळाले. झिग्मोंडी यांचे १९२५ चे राखून ठेवलेले नोबेलही त्याच वर्षी जाहीर झाले.

१६/१६
तरीही पेरँ यांचे ६.८ आणि आजचे ६.०२ यांत सुमारे १३ टक्क्यांचा फरक आहे. सगळा दोष त्रिज्येच्याच माथी मारायचा म्हटले, तर ती फक्त ४ टक्के कमी मोजली गेली असली तरी एवढा फरक पडतो. एकमेकांना दुजोरा देणाऱ्या साक्षीही थोड्या ढळलेल्या असू शकतात. दुजोऱ्याने गोष्ट खरी आहे हे कळते, तिचा शेवटचा दशांश कळत नाही. पेरँ यांना रेणू खरे आहेत हे सिद्ध करायचे होते. तेवढ्याला त्यांचे आकडे पुरेसे होते.

आजही कलिल कण मोजताना हेच प्रश्न नव्या वेशात येतात. विखुरलेल्या प्रकाशावरून माप काढणारी यंत्रे सर्वत्र आहेत. पण प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा बऱ्याच लहान कणांचे विकिरण त्रिज्येच्या सहाव्या घाताने वाढते. दहापट मोठा कण दहा लाखपट प्रकाश विखुरतो. चार मोठे कण मिसळले की हजारो लहान कण दिसेनासे होतात. झिग्मोंडी यांच्या मोजणीतून सुटलेले ते हेच. शिवाय हे यंत्र कणाबरोबर ओढल्या जाणाऱ्या पाण्याच्या थरासकट त्रिज्या सांगते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक बहुधा सुकलेला कण दाखवतो. दोन आकडे वेगळे आले म्हणून त्यातला एक खोटा ठरत नाही. प्रत्येकाने विचारलेला प्रश्न वेगळा असतो.

२०१९ पासून ॲव्होगॅड्रो संख्या व्याख्येनेच ठरलेली आहे : ६.०२२१४०७६. ती ठरवण्याआधी सिलिकॉनचा एक किलोचा, सुमारे ९४ मिलिमीटर व्यासाचा, जवळजवळ परिपूर्ण गोल घडवून मोजला गेला. तिथेही अडचण आली ती कडेला. गोलाच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा थर होता, आणि तो सिलिकॉनमध्ये धरायचा नसल्याने त्याची जाडी वेगळी मोजून वजा करावी लागली. पेरँ यांनी काचेवर रांगेत बसवलेल्या पिवळ्या कणांपुढे प्रश्न होता तो हाच : गोल नेमका कुठे संपतो?

धागा समाप्त. जुन्या ग्रंथात एखादा आकडा आढळला, तर तो आजच्या आकड्याशी जुळतो का हे पाहण्याआधी तो कोणत्या रीतीने मोजला, आणि त्या रीतीतून काय सुटले असेल, हे अवश्य शोधावे.